लाईट गेली की मशीन बंद होता होता अडकतं : शीतगृहातल्या कॉम्प्युटरचा प्रश्न

द्राक्षबाग, सांगली

मंडळी, नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उपयोग नाही.

तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या शीतगृहातला कॉम्प्युटर मी सांभाळतो. सहा चेंबर आहेत, माल शेतकऱ्यांचा. चेंबर चार-पाच अंशांवर राहिलं पाहिजे. उष्णता लागली की हिरवा बेदाणा काळवंडतो आणि सौद्यात दर पडतो. तापमान वाढलं तर हूटर वाजवायचं काम या कॉम्प्युटरकडे आहे. मशीन जुनं आहे, पण पॅरलल पोर्ट (पूर्वी प्रिंटर लावायचे ते तोंड) असलेलं आहे, म्हणून जपून ठेवलंय. त्यावर युबंटू २२.०४, म्हणजे लिनक्स आहे.

यूपीएस साधा आहे, त्याला कॉम्प्युटरकडून 'आता बंद हो' असं सांगता येत नाही. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. लाईट जाऊन पाच मिनिटं झाली की मशीन वीस मिनिटांनंतरचा गजर घड्याळात लावतं आणि स्वतः बंद होतं. गजर झाला की उठतं, लाईट आलेली असेल तर कामाला लागतं, नसेल तर परत गजर लावून झोपतं.

मागच्या गुरुवारी पहाटे दोनला लाईट गेली, सव्वादोनला आली. तीन नंबरच्या चेंबरची लाईन ट्रिप झाली ती परत लागली नाही, कॉम्प्रेसर बंदच राहिला. हूटर वाजायला हवा होता. वाजला नाही, कारण कॉम्प्युटर बंदही नव्हता आणि चालूही नव्हता. पंखा फिरतोय, पडदा काळा, एक कर्सर. बंदच झाला नाही तर गजरानं उठणार कसा? सकाळी सातला वॉचमननं दारावरचा थर्मामीटर बघितला तेव्हा ११ अंश होते.

आता मला हैराण करणारी गोष्ट सांगतो. मी स्वतः हातानं बंद केलं की दर वेळी व्यवस्थित बंद होतं. वीस वेळा केलं, वीस वेळा झालं. लाईट गेल्यावरच अडकतं. कुठून सुरुवात करू?

जंक्शन, मिरज

पडद्यावर 'स्टॉप जॉब इज रनिंग' असं काही येतं का? सिस्टिमडी (लिनक्समधल्या सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) प्रत्येक सर्व्हिसला थांबायला ९० सेकंद देतं, त्यानंतर जबरदस्तीनं मारतं. ते असेल तर दीड मिनिटानं पुढं सरकायला हवं. आणि एनएफएस माउंट, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली दुसऱ्या मशीनची डिस्क, आहे का कुठं?

कृष्णाकाठ, सांगलीवाडी

एनएफएसला माझंही मत. आमच्याकडं अगदी हेच झालं होतं. २०१९ च्या महापुरानंतर, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं त्या वर्षी, आम्ही सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला, पण नेटवर्कचा स्विच खालीच राहिला, यूपीएसशिवाय. लाईट गेली की स्विच मरायचा आणि मशीन समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसायचं. हार्ड माउंट असेल तर ते कायमचं वाट बघतं. तुमच्या स्विचला यूपीएस आहे का ते बघा.

द्राक्षबाग, सांगली

दोघांचेही आभार. एनएफएस आहे, रोजचा रिपोर्ट ऑफिसच्या मशीनवर जातो, आणि स्विचला यूपीएस नाही! वाटलं, सापडलं. आज दुपारी मालकांची परवानगी घेऊन, वॉचमनला दर दहा मिनिटांनी हातानं तापमान लिहायला बसवून, एनएफएसची ओळ काढून टाकली, मेन स्विच पाडला. पुन्हा तसंच अडकलं.

'स्टॉप जॉब' वगैरे काही नाही. या वेळी सुरुवातीचं चित्र बंद करून सगळ्या ओळी वाचल्या. फाइलसिस्टिम सगळ्या अनमाउंट झाल्या असं म्हणतं, शेवटी 'पॉवरिंग ऑफ' येतं आणि तिथून पुढं शांत.

वाळव्याची लेक, पुणे

दादा, तुम्ही शेवटची ओळ वाचलीत ते फार बरं केलंत, कारण त्या एका ओळीनं अर्धा शोध संपतो. सवडीनं लिहिते.

बंद होण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग सिस्टिमडीचा. सर्व्हिसेस थांबवायच्या, उरलेल्या प्रोसेसना आधी विनंतीचा आणि मग मारण्याचा सिग्नल द्यायचा, फाइलसिस्टिम सोडवायच्या. हे झालं की ते 'पॉवरिंग ऑफ' लिहितं आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हाक मारतं. इथून दुसरा भाग. कर्नल आधी 'बंद होतोय' अशी सूचना ज्यांनी ज्यांनी मागून ठेवली आहे त्या सगळ्यांना देतो, म्हणजे रिबूट नोटिफायरची साखळी. मग एकेका उपकरणाचा ड्रायव्हर बंद करतो आणि सगळ्यात शेवटी स्वतः 'पॉवर डाऊन' लिहून वीज तोडतो.

तुमच्याकडं पहिली ओळ आली, दुसरी आली नाही. म्हणजे एनएफएस, यूपीएसचं सॉफ्टवेअर, तुमची स्क्रिप्ट यांचा संबंध संपला. हे सगळे तोवर मेलेले आहेत. अडकलंय ते कर्नलच्या आत.

अडकलं की कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का सांगा. लागत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि यूएसबी अजून बंद केलेलं नाही, म्हणजे आपण उपकरणांच्या टप्प्याच्याही आधी असू शकतो.

मग सिरियल पोर्टला केबल लावून दुसरा लॅपटॉप जोडा. केबल क्रॉस हवी, पिन २ आणि ३ उलटसुलट. बूटच्या ओळीत कन्सोल सिरियलवर द्या, वेग १,१५,२००. 'क्वाएट' काढा आणि 'इग्नोर_लॉगलेव्हल' घाला. हे शेवटचं विसरू नका, नाहीतर 'टास्क अडकलंय' ही एक ओळ दिसते आणि खालचा स्टॅक (कुणी कुणाला बोलावलं आणि कुठं अडकलं त्याची यादी), जो आपल्याला हवाय, तो पडद्यावर येतच नाही. आणि अडकलं की ऑल्ट, सिसआरक्यू (प्रिंट स्क्रीनचं बटण) आणि डब्ल्यू एकत्र दाबा. न तुटणाऱ्या झोपेत, म्हणजे डी स्थितीत, असलेली सगळी टास्क कर्नल छापून देतो.

द्राक्षबाग, सांगली

ताई, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय! केबल गावातच एका जुन्या दुकानात मिळाली. पण डब्ल्यू दाबलं की 'ही क्रिया बंद ठेवलेली आहे' एवढीच ओळ येते.

वाळव्याची लेक, पुणे

युबंटूत सिसआरक्यूची किंमत १७६ ठेवलेली असते. १२८, ३२ आणि १६ यांची ती बेरीज. त्यात रिबूट, डिस्क फक्त-वाचा करणं आणि सिंक (राहिलेला डेटा डिस्कवर उतरवणं) एवढ्यालाच परवानगी. टास्कचे स्टॅक छापायला ८ चा बिट लागतो, तो त्यात नाही. तपास होईपर्यंत ती किंमत १ करा, नंतर परत जाग्यावर ठेवा.

अडकलेलं टास्क कर्नल आपणहूनही सांगतो, पण त्याची मुदत १२० सेकंद, आणि तपासायलाही तो दर १२० सेकंदांनीच येतो. म्हणून कधी कधी चार मिनिटं धीर धरावा लागतो. बहुतेक लोक त्याआधीच बटण दाबून मोकळे होतात. ती मुदत २० वर आणा.

द्राक्षबाग, सांगली

आलं! लॅपटॉपवर जे उमटलं ते हातानं उतरवून देतो. टास्कचं नाव 'सिस्टिमडी-शटडाऊ', शेवटचं अक्षर तुटलेलं, नंबर १, स्थिती डी. स्टॅक खालून वर असा: रिबूटची सिस्टिम कॉल, कर्नल_पॉवर_ऑफ, नोटिफायरची साखळी, मग तापमान_नोटिफाय, मग केथ्रेड_स्टॉप, मग वेट_फॉर_कम्प्लिशन, आणि शेड्यूल (म्हणजे प्रोसेसर सोडून झोपणं).

ते तापमान_नोटिफाय माझं आहे. चेंबरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या बोर्डासाठी चार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं प्रोजेक्ट म्हणून कर्नल मॉड्यूल (कर्नलच्या आत चालणारा जोडतुकडा) लिहून दिलं होतं, नंतर त्यात मी भर घातली. तो भाग मीच लिहिलाय. बंद होताना बोर्ड वाचणारा थ्रेड (मागे स्वतंत्रपणे चालू असलेलं काम) थांबवायचा आणि हूटरच्या रिलेला शून्य द्यायचं, नाहीतर हूटर अर्धवट वाजत राहतो.

जंक्शन, मिरज

नाव तुटलेलं नाही, कर्नल टास्कच्या नावाची १५ अक्षरंच ठेवतो, आणि इंग्रजीत हे नाव १६ अक्षरांचं आहे.

मग सोपं झालं की. नोटिफायर काढून टाका. तोच अडकतोय.

वाळव्याची लेक, पुणे

थांबा, काढू नका. अशा तपासात सगळ्यात जास्त चूक होते ती इथंच, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. माझे स्वतःचे नोकरीतले पहिले कित्येक आठवडे यात गेलेत.

स्टॅकमध्ये जो दिसतो तो वाट बघणारा आहे. एसटी स्टँडवर एक माणूस संध्याकाळपर्यंत बसून राहिला, तर त्याला धरून काय होणार? न आलेली गाडी कुठं अडकली ते शोधायला पाहिजे. केथ्रेड_स्टॉप तीन गोष्टी करतो. थ्रेडच्या माथ्यावर 'आता थांब' अशी खूण करतो, त्याला एकदा हलवून उठवतो, आणि तो खरोखर संपेपर्यंत तिथंच उभा राहतो. थ्रेडला जबरदस्तीनं मारायची सोय नाही. कर्नल थ्रेडला सिग्नल लागत नाहीत, त्यानं स्वतः खूण बघून बाहेर पडायचं असतं. आता तुमचा थ्रेड बाहेर पडत नाही, म्हणून पहिल्या नंबरची प्रोसेस उभी आहे. गुन्हा थ्रेडचा, पकडला गेला उभा राहणारा.

आणि डब्ल्यूच्या यादीत तुमचा थ्रेड का आला नाही? डब्ल्यू फक्त डी स्थितीतल्यांना दाखवतं. थ्रेड साध्या, तुटू शकणाऱ्या झोपेत असेल, म्हणजे एस स्थितीत, तर यादीत येणारच नाही. त्यासाठी टी दाबा. सगळीच टास्क येतील, लांबलचक यादी आहे, लॅपटॉपवर फाइलमध्ये साठवून मग शोधा. आणि थ्रेडचा मुख्य लूप इथं द्या.

द्राक्षबाग, सांगली

टी दाबलं. थ्रेड सापडला, खरंच एस स्थितीत. लूप असा आहे, माझ्या शब्दांत:

जोवर केथ्रेड_शुड_स्टॉप खोटं आहे तोवर फिरत राहा;
वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल(रांग, डेटा_आला);
डेटा_आला = ०; पोर्ट वाचा; नोंद करा.

बोर्ड दर दोन सेकंदांनी पॅरलल पोर्टच्या १० नंबरच्या पिनवर एक पल्स देतो, त्यानं इंटरप्ट (प्रोसेसरला 'इकडं बघ' अशी हाक) येतो, इंटरप्टवाला डेटा_आला १ करतो आणि रांगेतल्याला उठवतो. थांबायची खूण तर लूपच्या माथ्यावरच तपासतोय. मग चुकलं काय? आणि हातानं बंद केल्यावर चालतं कसं? दोन रात्री यावर डोकं लावतोय.

तीन फेज, कुपवाड

मी वायरमन आहे, एमआयडीसीत पॅनेलची कामं करतो. तुमचं कर्नलचं मला काही कळत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय कारण दोन शीतगृहांची कामं मी केली आहेत. एक विचारू का? त्या सेन्सरच्या बोर्डाला करंट कुठून घेतलाय?

द्राक्षबाग, सांगली

बोर्डाला… चेंबरच्या बोळातल्या प्लगवरून, तीन नंबरच्याच लाईनीवर. साधा अडॅप्टर आहे. यूपीएसवर नाही.

वाळव्याची लेक, पुणे

दादा, सगळा प्रश्न या एका उत्तरात सुटला. तीन फेज, तुम्ही विचारलंत ते आम्हा सगळ्यांच्या आधी विचारायला हवं होतं.

हातानं बंद करता तेव्हा बोर्डाला वीज आहे. केथ्रेड_स्टॉपनं खूण केली, थ्रेडला हलवलं. थ्रेड उठला, त्यानं आपली अट बघितली, 'डेटा आला का?' नाही. परत झोपला. खूण त्या अटीत नाहीच, म्हणून त्यानं ती बघितलीच नाही. पण दोन सेकंदांत बोर्डाची पल्स आली, अट खरी झाली, थ्रेड पुढं गेला, लूपच्या माथ्यावर आला, तिथं खूण दिसली, बाहेर पडला. तुम्हाला वाटलं व्यवस्थित थांबला. खरं तर बोर्डानं त्याला वाचवला, वीसच्या वीस वेळा.

लाईट जाते तेव्हा बोर्ड मेलेला असतो. पल्स येत नाही, बोर्डाला वीज परत मिळेपर्यंत येणारही नाही, आणि त्या रात्री तीन नंबरची लाईन परत लागलीच नाही. थ्रेड झोपलेला, नोटिफायर उभा, मशीन अडकलेलं.

दुरुस्ती एका ओळीची. अटीतच घाला: डेटा_आला किंवा केथ्रेड_शुड_स्टॉप. आणि जागा झाल्यावर पोर्ट वाचण्याआधी खूण परत तपासा, नाहीतर शेवटची एक खोटी नोंद होईल.

पण आधी सिद्ध करा. बंद करायचीही गरज नाही. मशीन चालू असताना बोर्डाचं अडॅप्टर काढा आणि मॉड्यूल काढायची आरएमएमॉड आज्ञा द्या. तीही केथ्रेड_स्टॉपलाच बोलावत असेल, तर तशीच अडकली पाहिजे.

द्राक्षबाग, सांगली

आत्ताच करून आलो, हात अजून थरथरतायत.

अडॅप्टर काढलं. आरएमएमॉड दिलं. प्रॉम्प्ट परत आला नाही. दुसऱ्या टर्मिनलवरून बघितलं, आरएमएमॉड डी स्थितीत, थ्रेड एस स्थितीत. मारायचा ९ नंबरचा सिग्नल दिला, काही फरक नाही. 'प्रॉक' (कर्नल जिथं चालू कामांची माहिती दाखवतो तो फोल्डर) खाली त्याचा स्टॅक वाचला, तेच केथ्रेड_स्टॉप, तेच वेट_फॉर_कम्प्लिशन. दहा मिनिटं तसंच ठेवलं.

मग बोळात गेलो, वॉचमनला पडद्यासमोर उभं केलं आणि अडॅप्टर प्लगमध्ये घातलं. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला आणि आतून वॉचमनची हाक आली, "आलं बघा, खाली नवी ओळ आली!"

एक पल्स. एवढ्यासाठी तीन नंबरचा माल पाच तास तापला.

कृष्णाकाठ, सांगलीवाडी

वाचनखूण साठवली. एनएफएसवर मी इतक्या खात्रीनं बोललो ते चुकलं. लक्षण तेच होतं, स्विचची गोष्टही जुळत होती.

तीन फेज, कुपवाड

माझं मत सांगतो. आजच बोर्ड यूपीएसवर घ्या. दोन-तीन वॅटचा तर बोर्ड, यूपीएसला कळणारही नाही. माल आत आहे, प्रोग्रामची दुरुस्ती नंतर करा.

वाळव्याची लेक, पुणे

यूपीएसवर घ्यायला हवाच, पण तेवढंच करून थांबायला माझा विरोध आहे. तसं केलंत तर चूक झाकली जाईल. पुढच्या वर्षी अडॅप्टर जळेल, किंवा उंदीर वायर कुरतडेल, त्याच रात्री लाईट जाईल, आणि तेव्हा आज जे आठवतंय ते कुणाला आठवणार नाही.

जंक्शन, मिरज

मला मुळातच प्रश्न पडलाय. दोन सेकंदांनी एक नोंद घ्यायला कर्नल मॉड्यूल कशाला? पॅरलल पोर्ट साध्या प्रोग्राममधूनही वाचता येतो, त्यासाठी कर्नलमध्ये पीपीडेव्ह आहे, इंटरप्टची वाटही बघता येते. प्रोग्राम अडकला तर ९० सेकंदांनी सिस्टिमडी मारतं आणि पुढं जातं. कर्नलमध्ये अडकलं की सगळं मशीन अडकतं.

वाळव्याची लेक, पुणे

जंक्शनशी पूर्ण सहमत. रोज हेच काम करत असूनही सांगते, जे बाहेर होऊ शकतं ते कर्नलच्या आत घालू नये. पण ते हंगाम संपल्यावर, शांतपणे. आत्ता एक ओळ.

आणि दादा, त्याच मॉड्यूलमध्ये कुठं स्वतः स्थिती बदलून शेड्यूल बोलावलं असेल तर क्रम तपासा. आधी 'मी झोपतोय' अशी स्थिती लावायची, मग खूण तपासायची, मग शेड्यूल. उलट केलंत, तर तपासणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत उठवणारा येऊन जातो आणि थ्रेड त्यानंतर झोपतो. ती चूक हजारात एकदा दिसते आणि ती शोधणं याच्यापेक्षा अवघड.

द्राक्षबाग, सांगली

रविवारचा अहवाल.

माल आत असल्यामुळं तीन फेजदादांचं ऐकून त्याच रात्री एक्स्टेन्शन ओढून बोर्ड यूपीएसवर घेतला. मग शनिवारी ओळ दुरुस्त केली. ताईंनी सांगितलेला उलटा क्रमही सापडला, हूटर किती वेळ वाजवायचा ते मोजणाऱ्या दुसऱ्या थ्रेडमध्ये होता. तोही सरळ केला.

आज सकाळी अकराला खरी परीक्षा घेतली. बोर्डाचं अडॅप्टर मुद्दाम काढून ठेवलं, म्हणजे वाचवायला कुणी नको. मेन स्विच पाडला. पाच मिनिटांनी स्क्रिप्ट लागली, ओळी सरकल्या, 'पॉवरिंग ऑफ' आलं आणि श्वास घ्यायच्या आत त्याच्याखाली 'पॉवर डाऊन'. पंखा थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. वीस मिनिटं खुर्चीवर बसून राहिलो. गजर झाला, मशीन उठलं. मग अडॅप्टर लावलं, सहाही चेंबरचे आकडे आले.

त्यानंतर आणखी पाच वेळा केलं, तीनदा बोर्डासकट, दोनदा बोर्डाशिवाय. एकदाही अडकलं नाही. सिसआरक्यू परत १७६, अडकलेल्या टास्कची मुदत परत १२०. ज्यांचा माल तीन नंबरमध्ये आहे त्या दोन शेतकऱ्यांना मालकांनी बोलावून पेट्या उघडून दाखवल्या. वरच्या थरातल्या काहींचा रंग उतरलाय, खालचे ठीक आहेत. त्यांना काय घडलं ते मी स्वतः सांगितलं.

तीन फेजदादा, एक्स्टेन्शन बोळात पायाखाली येतंय. पक्की वायर ओढायला येता का?

तीन फेज, कुपवाड

गुरुवारी सकाळी दहाला येतो. बोळाची लांबी मोजून ठेवा, आणि चेंबरच्या दाराशी ओल असते, तिथं पाइपमधून न्यावी लागेल.

द्राक्षबाग, सांगली

अठरा मीटर भरतं. वॉचमनला सांगून ठेवतो.